मदत हवी आहे: वस्तूवर डोळ्यांना न खुपणारा, पण फोनला सापडणारा टॅग

नमस्कार मंडळी,

आजी जाऊन वर्ष होत आलं. शेवटच्या काही महिन्यांत तिला तिच्या वस्तूंबद्दल बोलतं करून मी फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं. आता वाटतं, घरातल्या कुणीही वस्तूजवळ फोन नेला की तिचा आवाज ऐकू यावा. पण तिच्या पेटीवर क्यूआर कोडचा काळापांढरा चौकोन चिकटवायला हात धजावत नाही.

लाकडी पेटीचं जमलं. झाकणाच्या अस्तराखाली एनएफसी स्टिकर सरकवला, म्हणजे फोन जवळ नेला की बिनतारी वाचला जाणारा चिप असलेला टॅग; चिप एनटॅग २१३ जातीची. त्यात जेमतेम १४४ बाइट मावतात, पण आत नुसती लिंकच लिहायची असल्याने भागतं. अस्तरावरून फोन फिरवला की एका जागी तो थरथरतो, लिंक उघडते आणि आजी बोलू लागते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई तिथेच खाली बसली.

अडलंय घड्याळापाशी. त्याची पाठ पत्र्याची, तिथे तोच स्टिकर मुका. धातूवर एनएफसी चालत नाही, फेराइट या चुंबकीय पदार्थाचा थर असलेला ऑन-मेटल टॅग लागतो असं वाचलं. कुणी वापरलाय का? फोन किती जवळ न्यावा लागतो? पाठ आणि भिंत यांत बोटभरच फट आहे.

शिवणयंत्राच्या लाकडी पाटाखाली क्यूआर कोड छापून बघितला. शोभावा म्हणून तपकिरीवर तपकिरी छापला, तर कॅमेऱ्याला काही दिसेना. गडद-फिका फरक हवाच, हे तेव्हा कळलं. मग फिकट कागदावर गडद शाईने, २९ × २९ घरांचा, भोवतीची चार घरांची मोकळी चौकट धरून दीड सेंटिमीटरचा केला. एक घर जेमतेम ०.४ मिलिमीटरचं. माझा फोन वाचतो, आईचा जुना फोन अडखळतो. लिंक आखूड केली तर घरं कमी होऊन मोठी करता येतील ना? की कोड खराब झाला तरी वाचता यावा म्हणून असलेली दुरुस्तीची पातळी एच वरून एम वर आणून घरं कमी करू? एच मध्ये कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतो, एम मध्ये १५. पाटाखाली तेलाचे डाग पडतात, म्हणून धीर होत नाही.

आणखी एक. आधी एका फुकट सेवेची छोटी लिंक वापरली होती, ती अचानक बंद पडली. रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं म्हणून वाचलो. आता स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबपत्ता, घेऊन तिथून लिंक वळवायचा विचार आहे, म्हणजे फाइल हलवली तरी टॅगला हात लावावा लागणार नाही. पण माझ्यामागे डोमेनचं नूतनीकरण कोण करेल? तुम्ही घरात ही सोय कशी लावलीत?