थिबा राजाच्या वाड्यातलं म्हणतात असं जुनं वस्त्र – मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, आम्ही रत्नागिरीचे. आजीच्या ट्रंकेत एक रेशमी वस्त्र सापडलंय, पणजीला थिबा राजाच्या (इंग्रजांनी रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलेला ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा राजा) वाड्यातून मिळालं असं घरात सगळे सांगतात पण कागद एकही नाही. घड्यांवर रेशीम चिरलंय, जरीकाठ काळा पडलाय, त्यात आपली खारी दमट हवा, हात लावायचीही भीती वाटते.

फोटो टाकला तर निम्मे म्हणतात म्युझियमला द्या, निम्मे म्हणतात म्यानमारला परत करा. १८८५ ला इंग्रजांनी थिबाच्या राजधानीतून, मंडालेहून नेलेली राजचिन्हं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९६४ मध्ये परत केलीच की, मला तेही पटतं. पण वाघनखांसारखा खऱ्याखोट्याचा वाद नको. जुनं कापड तपासून कोण देतं? आणि तोवर ठेवू कसं?