लो-कार्ब आहाराने डिप्रेशन कमी होतं का? भावासाठी विचारते आहे, मदत हवी

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही मिरजेला राहतो. धाकटा भाऊ (वय ३१) पुण्यात नोकरीला होता. आठ महिन्यांपूर्वी त्याचं मन कशातच लागेना. रात्र रात्र जागा, दुपारी बारापर्यंत अंथरुणात, फोन बंद. शेवटी बाबा जाऊन त्याला घरी घेऊन आले. मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशनचं निदान केलं आणि एस्सिटॅलोप्रॅम १० मिग्रॅ सुरू झाली. चार-पाच महिन्यांत फरक पडला, नाही असं नाही. आंघोळ वेळेवर करायला लागला, बाबांशी दोन शब्द बोलायला लागला. पण त्यापुढे गाडी सरकेना. भूक तर जवळपास नाहीच. ६८ किलोचा होता, आता ६१ वर आलाय.

अमेरिकेतल्या आतेभावाने लो-कार्ब करून वजन उतरवलं आणि त्याचा मूडही छान झाला म्हणे. त्याने याला व्हिडिओ पाठवले. झालं, नऊ दिवसांपूर्वी याने भात, भाकरी, पोळी, पोहे सगळं एकदम बंद केलं. रोज २० ग्रॅमच्या आत कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर. छोटा वजनकाटा मागवला, वही केली.

आईचा जीव तुटतो. वाईटातल्या वाईट दिवसांतही तो मऊ वरणभात चार घास खायचा, तेवढाच तिला आधार होता. तिचं म्हणणं, हे खूळ आजच्या आज बंद कर. माझी अडचण वेगळी आहे. परवा पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात आवाज आला म्हणून उठले, तर हा ओट्यापाशी उभा राहून फ्लॉवर किसत होता, भाताऐवजी खायला. आठ महिन्यांत स्वतःहून केलेली ही पहिली गोष्ट. मला म्हणाला, "ताई, निदान मी स्वतः काहीतरी करतोय असं वाटतंय." आता हे त्याच्या हातातून काढून कसं घेऊ?

पण चार दिवसांपासून तो फार चिडचिडा झालाय. डोकं दुखतं, झोप पुन्हा उडाली आहे, उभं राहिलं की गरगरतं. आतेभाऊ म्हणतो, सुरुवातीला असं होतंच, आठवडाभर कळ काढ. आणि काल भाऊ म्हणाला की महिनाभराने गोळीची गरजच राहणार नाही.

खरंच अशा आहाराने डिप्रेशन कमी होतं का? त्याला साथ देऊ की थांबवू?

भुईशेंग

ताई, मी शुगरसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीड वर्ष कमी कार्ब खाते आहे. पहिला आठवडा अगदी असाच गेला होता, घरातले माझ्या वाटेला जात नव्हते. कार्ब एकदम कमी झाले की शरीरातलं पाणी आणि त्याबरोबर मीठही बाहेर पडतं, म्हणून डोकं दुखतं, गरगरतं. मला मीठ घातलेलं ताक आणि भाज्यांचं सूप यांनी आराम पडला. तीन आठवड्यांनी दुपारची सुस्ती गेली आणि एकूण हलकं वाटायला लागलं. पण माझं वजन ८४ होतं आणि मला डिप्रेशन नव्हतं. तुमच्या भावाचं वजन आधीच उतरलेलं आहे, त्यामुळे माझा अनुभव त्याला लागू पडेल असं मी म्हणणार नाही.

सांजवात

मी मानसोपचार विभागात काम करते. आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. त्याच्या गोळ्यांची स्ट्रिप मोजा. कधी आणली, किती शिल्लक असायला हव्यात आणि किती आहेत ते बघा. ही गोळी अचानक बंद केली की दोन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, हे सगळं होऊ शकतं. आहार बदलल्यावरच्या त्रासात ते सहज लपतं.

आता तुमचा प्रश्न. कल्पना अगदीच वेडगळ नाही. १९२१ पासून कीटोजेनिक आहार (कार्ब अगदी कमी, चरबी जास्त, तुमचा भाऊ करतोय तशातलाच) फिट्सच्या आजारात वापरला जातो आणि व्हॅल्प्रोएटसारखी फिट्सची औषधं बायपोलर या मूडच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारातही चालतात. त्यामुळे मेंदूला ग्लुकोजऐवजी कीटोन (चरबीपासून शरीर बनवतं ते इंधन) मिळाले तर मूडवर काय परिणाम होतो, हे शास्त्रज्ञ मनापासून तपासत आहेत. स्टॅनफर्डचा एक छोटा अभ्यास २०२४ साली आला. बायपोलर आणि स्किझोफ्रेनियाचे वीस-बावीस रुग्ण, चार महिने. सुधारणा दिसली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, रुग्णांची औषधं चालूच होती आणि ते वजनाच्या किंवा साखरेच्या तक्रारी असलेले होते. तुमचा भाऊ त्यांतला नाही.

उलट बाजूही सांगते. ऑस्ट्रेलियात १०६ स्थूल लोकांना वर्षभर लो-कार्ब किंवा लो-फॅट आहार दिला होता, तो अभ्यास २००९ चा. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं, पहिल्या आठ आठवड्यांत मूडही दोन्हीकडे सुधारला. वर्षअखेरीस मात्र लो-फॅटवाल्यांची सुधारणा टिकली आणि लो-कार्बवाले जिथून निघाले होते तिथे परत आले. म्हणून आतेभावाच्या उत्साहावर फार विसंबू नका.

आहार आणि डिप्रेशन याबद्दल मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो २०१७ चा ऑस्ट्रेलियातलाच स्माइल्स नावाचा अभ्यास. मध्यम ते तीव्र डिप्रेशनचे ६७ जण, १२ आठवडे. एका गटाला आहारतज्ज्ञ, दुसऱ्याला नुसतं गप्पा मारायला सोबत. आहाराच्या गटातले ३२ टक्के लोक आजाराच्या लक्षणांतून बाहेर आले, दुसऱ्यातले ८ टक्के. अभ्यास लहान आहे, पण त्या आहारात धान्य बंद नव्हतं. अख्खी धान्यं, डाळी-कडधान्यं, भाज्या, फळं, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह तेल होतं. कमी केलं होतं ते गोड, मैदा, तळलेलं आणि पाकिटबंद. म्हणजे ज्वारीची भाकरी त्यात आरामात बसते.

मला खरी काळजी वाटते ती त्याच्या भुकेची. कीटोसिसमध्ये, म्हणजे शरीर कीटोनवर चालायला लागलं की, भूक आणखी मरते. जाड माणसाला त्याचा फायदा होतो, पण सात किलो गमावलेल्या आणि भूक नसलेल्या मुलाला हे नको.

आणि एक विचारते, राग मानू नका. जीव नकोसा झालाय असं काही तो बोलतो का? त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

वारणाकाठचा

सांजवात यांच्याशी सहमत. माझ्या मोठ्या भावाने अशीच गोळी सोडली होती. आहार वेगळा, उपवासाचा होता, पण विचार हाच की आता गरज नाही. पहिले दीड महिने घरात सगळे खूश होते. मग असा कोसळला की पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागले उठायला. गोळी कमी करायची तर ती डॉक्टरच हळूहळू करतात. बाकी काहीही करून बघा, इथे मात्र ठाम राहा ताई.

मेतकूट

बी१२, डी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलंय का? घरात शाकाहार असेल तर बी१२ आधी बघा. कमी असलं की थकवा, उदासपणा, विसरणं सगळं येतं आणि मग गोळीही पुरेशी पडत नाहीशी वाटते.

शिवाय भात-भाकरी शून्य करायची काय गरज आहे? २०२५ च्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या पाहणीनुसार आपल्याकडे ६२ टक्के कॅलरी कार्बमधूनच येतात, त्यामुळे थोडं कमी करायला वाव आहेच. सकाळी पोह्यांऐवजी दोन अंडी किंवा मटकीची उसळ, दुपारी एक भाकरी, भाजी, वाटीभर घट्ट वरण आणि दही. मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे. साखरेचा चहा आणि बिस्किटं बंद. त्याला वजनकाटा आवडतो ना? मग त्यावर कार्बऐवजी प्रोटीन मोजू दे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सांजवात, तुमचं वाचून तशीच उठले आणि स्ट्रिप मोजली. सहा गोळ्या जास्त निघाल्या. सहा दिवस बंद. हातपाय गळाले माझे. त्याच्यावर ओरडले नाही. शेजारी बसले आणि विचारलं. म्हणाला, "या आहारानेच बरं वाटतंय का ते मला कळायला हवं होतं, म्हणून गोळी थांबवली." मरणाचे विचार येतात का तेही विचारलं. मार्चमध्ये यायचे, आता नाहीत म्हणाला. मार्चमध्ये मी त्याच्या शेजारच्याच खोलीत झोपत होते, मला काहीच माहीत नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघंही रडलो.

कृष्णाकाठ

चार दिवसांनी लिहिते आहे. डॉक्टरांकडे जाऊन आलो, त्याने स्वतःच सगळं सांगितलं, वहीसुद्धा दाखवली. डॉक्टरांनी वही नीट पाहिली, त्याला हसले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. गोळी आहे त्याच डोसने पुन्हा सुरू केली. कीटो आत्ता नको म्हणाले, कारण वजन. पण साखर, मैदा बंद आणि प्रोटीन वाढवणं याला त्यांची पूर्ण संमती आहे. स्ट्रिप आता माझ्याकडे असते, हे त्यानेच सुचवलं. रक्त तपासायला दिलंय.

मेतकूट, तुमची युक्ती चालली. वहीत आता प्रोटीनचा रकाना आहे. काल दुपारी एक भाकरी, वरण आणि त्याचा तो फ्लॉवरचा किस, असं ताट होतं. आईने त्या किसाला लसणाची फोडणी दिली होती. एक घास खाऊन म्हणाला, "मीठ कमी आहे गं." आई लगेच मिठाची वाटी घेऊन आली.

बी१२ चा रिपोर्ट सोमवारी मिळेल, इथे लिहीन.