शुक्रवारी सकाळी ५/२ व्हॉल्व्ह जाम – सील किट टाकू की नवीन घेऊ?

सेकंडशिफ्ट_भोसरी:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत छोट्या युनिटमध्ये मेंटेनन्स बघतो. ड्रिलिंगच्या एसपीएमवर (एकाच कामासाठी बनवलेलं मशीन) जॉब क्लॅम्प करायला हवेच्या सिलिंडरवर ५/२ (पाच तोंडं, दोन स्थिती) सिंगल सोलेनॉइड, स्प्रिंग रिटर्न व्हॉल्व्ह आहे, म्हणजे एका कॉइलने सरकतो आणि करंट गेला की स्प्रिंगने परत येतो, २४ व्होल्ट डीसी. गुरुवारची सुट्टी झाली की शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला तो हलतच नाही. कॉइलचा दिवा लागतो, गेज ५.५ बार दाखवतो, क्लॅम्प मात्र ढिम्म. ऑपरेटर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकतो, मग दिवसभर मशीन सुरळीत. पाऊस लागल्यापासून जास्तच. एक्झॉस्टमधून सारखी बारीक फुसफुसही चालू असते. हेल्परने स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा) थिनरने धुतला, थोडे दिवस बरं होतं, आता पुन्हा तेच. साहेब म्हणतात नवीन मागव. नुसते आतले सील बदलून, किटवर भागेल का?

पॅनेलवाला:
कॉइल वीक झाली असणार. बदलून टाका, स्वस्तात काम.

हवावाले_काका:
अहो पॅनेलवाले, ठोकल्यावर चालतं म्हणतोय तो, कॉइलचा काय दोष? तरी खात्री करायची तर शुक्रवारी मॅन्युअल ओव्हरराइड (व्हॉल्व्हवरचं हाताने दाबायचं बटण) दाबून बघ रे बाळा. ओव्हरराइडने हलला आणि करंटने नाही, तर कॉइल नाहीतर प्लंजर (कॉइलने ओढला जाणारा गाभा) बघ. ओव्हरराइडनेही नाही हलला तर एकतर पायलटला, म्हणजे स्पूल ढकलणाऱ्या हवेला, प्रेशर पुरत नाही, नाहीतर स्पूल चिकटलाय. मी स्पूलवर पैज लावतो.

कारण तुझ्या हवेत आहे. पावसाळ्यात कॉम्प्रेसर दमट हवा ओढतो, ती थंड झाली की पाणी लाइनमध्ये सुटतं, त्यात कॉम्प्रेसरचं तेल मिसळतं. मशीन चालू असताना हे पुढे ढकललं जातं. सुट्टीत ते स्पूलवर बसून चिकट होतं. नवीन व्हॉल्व्ह लावलास तर तोही दिवाळीपर्यंत असाच होईल.

आधी एफआरएलचा (फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर) बाऊल बघ. तळाला दुधाळ चहासारखं काही दिसतंय? ऑटो ड्रेनचा फ्लोट हलतोय का? मग कॉम्प्रेसरच्या रिसीव्हरचा ड्रेन उघड. ड्रायर चालू आहे की बायपास करून ठेवलाय? आमच्याकडे बायपास करणारे महाभाग खूप भेटले. आणि मशीनचा ड्रॉप (मशीनकडे खाली येणारी नळी) मेन लाइनच्या वरच्या बाजूने काढलाय का तेही बघ, खालून काढला असेल तर लाइनमधलं सगळं पाणी पहिलं तुझ्याकडेच येणार.

थिनर मात्र बंद. नायट्राइलच्या ओ-रिंगा थिनरने फुगतात, फुगलेला सील बोअरमध्ये आणखी घट्ट बसतो. पॉलिकार्बोनेटच्या बाऊलला तर थिनरचा बोळाही लावू नकोस, बारीक तडे जातात आणि एक दिवस प्रेशरखाली फुटतो. साबणाचं पाणी पुरे.

फुसफुशीसाठी: मशीन बंद कर, हवा सोडून दे, २ आणि ४ नंबरच्या, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या, नळ्या काढून तिथे प्लग लाव. हवा दे. ओव्हरराइडने स्पूल दोन्हीकडे फिरवून बघ. तरी एक्झॉस्टला गळती असेल तर व्हॉल्व्ह. थांबली तर सिलिंडरचा पिस्टन सील गेलाय, व्हॉल्व्हला उगाच बोल लावतोयस. गेजकडे क्लॅम्प मारताना बघ, उभ्या मशीनचा ५.५ काही सांगत नाही.

आणि एक. क्लॅम्पला सिंगल सोलेनॉइड कोणी दिला? करंटवर क्लॅम्प होत असेल तर लाइट गेली की जॉब सुटला, ड्रिल आत असताना. तिथे डबल सोलेनॉइड हवा, तो आहे त्याच जागी राहतो. साहेबांना पैसे खर्चायचेच असतील तर यावर खर्चायला सांग.

सेकंडशिफ्ट_भोसरी:
काका, बाऊलमध्ये अगदी तसाच चहा! ऑटो ड्रेनमध्ये गाळ बसून फ्लोट अडकला होता. ओव्हरराइडनेही पहिल्यांदा हलला नाही. प्लग लावल्यावर फुसफुस बंद झाली, म्हणजे सिलिंडर. आणि हो, करंटवरच क्लॅम्प होतं. ड्रायर बंद होता, का ते कुणालाच माहीत नाही. किट मागवलंय. लुब्रिकेटर वर्षानुवर्षं कोरडा आहे, तेल भरू का?

पॅनेलवाला:
काकांपुढे हात टेकले. 🙏

हवावाले_काका:
तेलाचं जपून. आजकालचे बरेच व्हॉल्व्ह कारखान्यातूनच ग्रीस लावून येतात, त्यांना तेल लागत नाही. आणि एकदा सुरू केलंस तर मूळ ग्रीस धुऊन जातं, मग कायम द्यावंच लागतं. कंपनीचं कॅटलॉग म्हणत असेल तरच भर, आणि तेही व्हीजी ३२ (तेलाच्या घट्टपणाचा नंबर) चं मिनरल तेल. कॉम्प्रेसरमधलं उरलेलं ओतू नकोस. किट टाकताना सांगितलेलंच ग्रीस वापर, सीलच्या ओठाची दिशा बघून बसव. एक्झॉस्टचे सायलेन्सर काढून फुंकून बघ, चोक झाले असतील तर बदल. फिटिंगला टेफलॉन टेप पहिला आटा सोडून गुंडाळ, नाहीतर टेपचा तुकडा सरळ स्पूलवर.

सिलिंडर उघडायला घेशील तेव्हा क्लॅम्पखाली हात घालण्याआधी हवा पूर्ण काढ आणि गेज शून्य बघ. पिस्टन सील बदलताना रॉडचा वायपरही बदल, ड्रिलिंगच्या मशीनवर चिप तिथूनच आत शिरते.

सेकंडशिफ्ट_भोसरी:
डबल सोलेनॉइडचं साहेबांना उद्या सांगतो. पीएलसीचा (मशीनच्या कंट्रोलरचा) एक आउटपुट मोकळा आहे.