जुन्या दगडी धरणाची गळती: ग्राउटिंग केलं की पूर्ण पातळीपर्यंत पाणी भरता येईल का?

जलरेषा:
शहराला पाणी पुरवणारं, चुन्यात बांधलेलं दगडी धरण. गॅलरीतली (धरणाच्या पोटातल्या बोगद्यातली) गळती वाढल्याने पाणी पूर्ण संचय पातळीच्या ३ मीटर खाली ठेवावं लागतं. तलाव वरच्या भागातच सर्वांत रुंद, त्यामुळे साठ्यातली तूट फार मोठी आहे. सिमेंट ग्राउटिंगचा, म्हणजे छिद्रं पाडून सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने आत भरण्याचा प्रस्ताव आहे. तेवढ्याने भागेल का? काम चालू असताना पुरवठा बंद करावा लागेल का?

काळा पाषाण:
आधी गळती कुठून येते ते ठरवा: धरणाच्या अंगातून, पायातून की दरवाज्यांच्या रबरी सीलमधून. गॅलरीच्या प्रत्येक भागाला वेगळा व्ही-नॉच (वाहतं पाणी मोजायची V आकाराच्या खाचेची पट्टी) बसवा. ९० अंशांच्या नॉचवर ५ सेंमी पाणी म्हणजे सेकंदाला साधारण पाऊण लिटर, १० सेंमी म्हणजे जवळपास ४.४ लिटर. पट्टी मिलिमीटरची हवी आणि प्रत्येक नोंदीशेजारी तलावाची पातळी हवी, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

अंगातली गळती असेल तर सुरुवात पाण्याकडच्या बाजूने. उघड्या पडलेल्या भिंतीचे सांधे ५० मिमी तरी खोल खरवडा, दाबाच्या पाण्याने धुवा, ओले ठेवून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने दर्जा (दगडांमधले सांधे) भरा. मग माथ्यावरून ग्राउटची छिद्रं: आधी ६ मीटरवर, मग त्यांच्या मधोमध, गरज पडली तर पुन्हा मधोमध. प्रत्येक टप्प्याआधी पाणी दाबून चाचणी घ्या. बांधकाम पोकळ असेल तर वरून खाली थोडं थोडं भरत जा. खालून वर येताना पॅकर (छिद्र घट्ट बंद करणारं रबरी बूच) नीट बसत नाही.

निचरा:
वरच्या उत्तरात एक भर. पाच भाग पाण्याला एक भाग सिमेंट असं पातळ मिश्रण जुन्या पद्धतीत चालायचं, पण त्यातलं पाणी वर सुटतं आणि पोकळी तशीच राहते. वजनाने एकास एक किंवा त्याहून घट्ट मिश्रण घ्या, थोडं बेंटोनाइट (फुगणारी माती) आणि प्लास्टिसायझर (मिश्रण प्रवाही ठेवणारं रसायन) घाला. दोन तासांत सुटणारं पाणी ५ टक्क्यांच्या आत हवं. दाब बेतानेच. काटा अचानक पडला आणि ग्राउट भराभर जाऊ लागलं तर सांधा उघडतोय, पंप लगेच थांबवा.

खरा धोका पुढेच आहे. ग्राउट निचऱ्याच्या छिद्रांत (मुरलेलं पाणी बाहेर काढून देणाऱ्या) शिरतं, गॅलरी कोरडी दिसते आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आतलं पाणी कोंडून अपलिफ्ट, म्हणजे धरणाला खालून वर उचलणारा पाण्याचा दाब, वाढलेला असतो. फ्रान्सचं बूझे धरण १८९५ मध्ये फुटलं, त्याच्या रचनेत हा दाब धरलाच नव्हता. ग्राउटिंग चालू असताना निचऱ्याची छिद्रं पाण्याने सतत धुवत राहा, संपल्यावर ती नव्याने पाडा आणि पिझोमीटर (आतल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण) बसवा.

जलरेषा:
म्हणजे गळती कमी झाली, एवढ्यावर पातळी वाढवायची नाही?

निचरा:
नाही. मोजलेला अपलिफ्ट घेऊन पूर्ण पातळी, पूर आणि भूकंप यांसाठी स्थैर्य पुन्हा तपासा. टाचेशी (पाण्याकडच्या पायथ्याशी) ताण येत असेल तर ग्राउटिंग अपुरं. खालच्या बाजूला काँक्रीटचा आधार किंवा धरण पायाच्या खडकाला बांधणारे ताणलेले केबल अँकर लागतील.

काळा पाषाण:
पुरवठा बंद करावा लागत नाही. दर्जा भरायचं काम पातळी सर्वांत खाली असताना उरका. पाण्याखालच्या भागाला पीव्हीसी जिओमेंब्रेन (पाणी न झिरपू देणारा प्लास्टिकचा पडदा) हा पर्याय आहे, मागे निचऱ्याचा थर ठेवून. ग्राउटिंगच्या वेळी उद्भव-विहिरीपाशी (जिथून शहरासाठी पाणी उचलतात) पीएच तपासत राहा, सिमेंटचं पाणी सांध्यांतून तलावात उतरतं. नंतर पातळी एकेक मीटरने चढवा. प्रत्येक टप्प्यावर नॉच आणि पिझोमीटर स्थिरावल्याशिवाय पुढचा मीटर नको.