मदत हवी आहे: प्रत्येक शीटवर की प्लॅन कसा ठेवावा आणि सेक्शन गवंड्याला वाचता येईल असा कसा करावा? (ऑटोकॅड एलटी)

नमस्कार मंडळी,

बेळगावात एका लहान ऑफिसात ड्राफ्टिंगचं काम करते. आमच्याकडे ऑटोकॅड एलटी (संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) आहे. रेव्हिट (थ्रीडी मॉडेलवरून ड्रॉइंग काढणारं सॉफ्टवेअर) एवढ्यात येणार नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूच्या एका गावात वाचनालय आणि सभागृह बांधायचं काम चाललंय. त्याची वर्किंग ड्रॉइंग माझ्याकडे आहेत. जमीन उताराची. ए भाग वाचनालयाचा, बी मध्ये जिना आणि पडवी, सी म्हणजे सभागृह. तिन्हींचं जोतं वेगवेगळ्या उंचीला आहे, आणि वरच्या बाजूचं झाड वाचवायचं म्हणून सी भाग तिरका बसवलाय. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, ३०० मिमी. ए आणि सी वर मंगलोरी कौलं, बी वर स्लॅब. १:५० ला हे सगळं एका ए१ शीटवर मावत नाही, म्हणून प्रत्येक भागाच्या शीट वेगळ्या काढल्यात.

अडचण तिथं सुरू झाली. शीट हातात घेतली की गवंडीमामा पहिलं विचारतात, "ताई, ह्यो तुकडा नेमका कुठला?" साइटवर निम्मी माणसं मराठी बोलतात, निम्मी कन्नड, आणि ड्रॉइंगवर सगळं इंग्रजीत. सी चा सेक्शन (इमारत उभी कापून दाखवणारं ड्रॉइंग) धरून बी च्या कोपऱ्याला चिऱ्याचे दोन थर जास्त चढले, ते उतरवावे लागले. चिरे परत वापरता आले, खरं त्या दिवसाची मजुरी गेली. ती माणसं कामात पक्की आहेत. कागदानंच त्यांना आपण कुठं उभे आहोत हे सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून टायटल ब्लॉकच्या (शीटवरच्या नाव-नंबरच्या चौकटीच्या) वर छोटा की प्लॅन हवाय. मंजुरीच्या शीटवर असतो तो नाही. तो आजूबाजूच्या खुणा दाखवणारा, किमान १:१०,००० चा, झालेला आहे. मला इमारतीचाच छोटा आराखडा हवाय, ज्यात त्या शीटचा भाग भरलेला दिसेल आणि सेक्शन कुठून कापलाय ती रेघ बाणासकट दिसेल. सध्या ऑफिसात एका शीटवरून दुसऱ्या शीटवर कॉपी मारून हॅच (आकृतीत भरलेली छटा) हातानं बदलायची पद्धत आहे. प्लॅन बदलला की सगळ्या शीट उघडत बसायचं. पडवी दोनदा रुंद झाली, आणि सुधारलेला आणि जुना असे दोन्ही की प्लॅन सध्या एकाच सेटमध्ये आहेत. हे एका जागी बदललं की सगळीकडं बदलेल असं कसं करायचं?

दुसरं, सेक्शन. प्लॅनवरून रेघा ओढून सेक्शन तयार होतो, मापं बरोबर येतात, तरी बघताना काही कळत नाही. कापलेली भिंत, मागं दिसणारी खिडकी, त्यामागचं सी चं छप्पर, सगळं एकाच जाडीचं. वासे, रिपा आणि कौलं मिळून वळचणीला काळा ठिपका होतो. चिऱ्याच्या भिंतीला कुठला हॅच द्यावा तेही ठरत नाही. जिना यावा म्हणून कापायची रेघ मध्येच वळवली आहे, तर वळणाच्या जागी सेक्शनमध्ये उभी रेघ दाखवायची का?

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. ए१ चा प्रिंट ऑफिसात राहतो. साइटवर जाते ती ए३ झेरॉक्स, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. तिकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जे काही सुचवाल ते त्या ए३ वर टिकलं पाहिजे. जरा तेवढं बघून सांगा.

प्रतिसाद (निपाणीहून)

ताई, की प्लॅनसाठी डायनॅमिक ब्लॉक (अवस्था बदलता येणारी तयार आकृती) करा. ब्लॉक एडिटरमध्ये बाहेरची आउटलाइन एकदाच काढायची, मग व्हिजिबिलिटी पॅरामीटर टाकून ए, बी, सी अशा तीन अवस्था करायच्या, प्रत्येकीत एकेका भागाचा सॉलिड हॅच. शीटवर ब्लॉक टाकला की लहान त्रिकोणावर क्लिक करून अवस्था निवडली, झालं. मी तंबाखूच्या वखारींच्या दुरुस्तीच्या ड्रॉइंगला हेच वापरलं. एलटीमध्ये चालतं.

प्रतिसाद (बेळगाव, शहापूर)

वरच्यांची पद्धत चांगली आहे, खरं ती सगळे लेआउट (छापायची पानं) एकाच फाइलमध्ये असतील तरच पुरते. शीट वेगळ्या फाइलींत असतील तर प्रत्येक फाइलमध्ये ब्लॉक नव्यानं आणून बदलावा लागतो. ताईंची अडचण तीच आहे.

मी असं करतो. की प्लॅनची वेगळी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल). त्यात मूळ प्लॅन आणायचा नाही, फक्त बाहेरची आउटलाइन काढायची. दारं-खिडक्या आल्या की लहान आकारात सगळं बुजतं. ए, बी, सी चे हॅच तीन वेगळ्या लेयरवर (दाखवता-लपवता येणाऱ्या थरांवर), सेक्शनच्या रेघा आणखी वेगळ्या लेयरवर. ही फाइल प्रत्येक शीटमध्ये एक्सरेफ (बाहेरून जोडलेली, मूळ बदलली की बदलणारी फाइल) म्हणून जोडायची, लेआउटवर छोटा व्ह्यूपोर्ट (ड्रॉइंग दाखवणारी खिडकी) उघडून १:५०० ला लॉक करायचा, आणि त्या व्ह्यूपोर्टपुरते नको ते लेयर व्हीपी फ्रीझ करायचे, म्हणजे लपवायचे. पडवी रुंद झाली तर एकच फाइल उघडायची. शीट फाइलमध्ये व्हिसरिटेन ही सेटिंग १ आहे ना ते बघा, नाहीतर एक्सरेफ परत लोड होताना फ्रीझ केलेलं उडतं. एक काळजी घ्या: की प्लॅनच्या फाइलमध्ये पुढं नवा लेयर घातला की तो सगळ्या शीटवर उघडा दिसतो. उद्या डी भाग वाढला तर प्रत्येक शीट एकदा तपासावीच लागेल.

सी भाग तिरका आहे म्हणता. त्याचा प्लॅन शीटवर सरळ करून काढला असेल, तर त्या शीटचा की प्लॅनही तेवढाच फिरवा आणि उत्तरेचा बाण सोबत फिरू द्या. मोठा प्लॅन एका दिशेला आणि छोटा दुसऱ्या दिशेला असला तर सेक्शनचा बाण भलतीकडं बघतो. आणि साइटवरच्या माणसासाठी सांगतो, की प्लॅनमध्ये रस्ता आणि ते वाचवलेलं झाड दाखवा. आउटलाइनचा आकार कुणी लक्षात ठेवत नाही. झाड कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

प्रतिसाद (खानापूरहून)

सेक्शनबद्दल सांगते, कारण आमच्याकडची बरीच कामं चिऱ्याची आणि कौलाचीच असतात.

कापलेलं जे जे आहे ते बंद पॉलिलाइननं काढा आणि स्वतःच्या लेयरवर ठेवा: जोतं, भिंत, लिंटेल, स्लॅब, जमीन. लगेच मागं दिसणारं दुसऱ्या लेयरवर. त्याच्याही मागचं, म्हणजे तुमचं सी चं छप्पर, तिसऱ्यावर, आणि तिथं फक्त आढं आणि वळचणीची रेघ ठेवा. मागची कौलं काढायची गरज नाही. वळचणीचा काळा ठिपका जाईल तो रिपा कमी केल्यानं. १:५० ला वासा आणि कौलाची वरची रेघ पुरते. रिपा, पन्हळ, पागोळीची पट्टी हे सगळं १:१० च्या वेगळ्या डिटेलमध्ये घ्या आणि सेक्शनवर त्याला गोल करून नंबर द्या.

चिऱ्याला विटांचा तिरका हॅच देऊ नका, गवंडी वीट समजतो. मी करड्या रंगाचा सॉलिड भरते, हॅच मागं ढकलते आणि भिंतीवर थरांच्या आडव्या रेघा फक्त जोत्याच्या भागात देते. थर मोजता आले की उंचीचा वाद होत नाही. रेघ वळवली त्या जागी सेक्शनमध्ये उभी रेघ काढायची नसते, ते वळण प्लॅनवर आणि की प्लॅनवर जाड दाखवायचं. जिन्यातून एक सेक्शन मंजुरीलाही लागतोच, तेव्हा तीच रेघ ठेवा.

उंचीचे आकडे हातानं लिहीत असाल तर ते आधी थांबवा. लेव्हलच्या खुणेचा अ‍ॅट्रिब्यूट (ब्लॉकमधला बदलता मजकूर) असलेला ब्लॉक करा, अ‍ॅट्रिब्यूटमध्ये फील्ड (आपोआप भरणारा आकडा) घाला, त्यात ब्लॉकप्लेसहोल्डर (म्हणजे तो ब्लॉक स्वतः) निवडून पोझिशनचा फक्त वाय (उभं अंतर) घ्या. मग सगळे सेक्शन एकाच रांगेत, ±०.०० ची रेघ वाय शून्यावर ठेवून काढायचे. खूण जिथं ठेवाल तिथली उंची आपोआप येते, रीजेन (चित्र ताजं करायची आज्ञा) मारलं की ताजी होते. तीन भागांना तीन शून्य देऊ नका. वाचनालयाची फरशी शून्य धरा, बी आणि सी ची उंची तिच्यावरूनच सांगा. ते दोन थर बहुतेक याच गोंधळातून चढले असतील.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एक्सरेफची पद्धत लावली, झाड आणि रस्ता दोन्ही दाखवले. शून्याचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं, तिन्ही सेक्शनवर तीन वेगळे शून्य होते. आता एकच केलाय.

ए३ चं मात्र राहिलंच. मागच्या वस्तूंच्या ०.१८ मिमीच्या रेघा झेरॉक्सवर गायब होतात.

प्रतिसाद (बेळगाव, शहापूर)

ए१ वरून ए३ म्हणजे बरोबर निम्मं. ०.१८ ची रेघ ०.०९ होते, ती मशीनला दिसतच नाही. झेरॉक्स करूच नका. त्याच लेआउटवरून ए३ ची पीडीएफ १:२ ला काढा आणि प्लॉटच्या खिडकीत "स्केल लाइनवेट्स"ची खूण काढून टाका. कागद निम्मा होतो, रेघांची जाडी तेवढीच राहते. कापलेल्याला ०.५०, मागच्याला ०.२५, त्याहून मागच्याला ०.१८ ठेवा, नीट उठून दिसतं.

अक्षरांना मात्र ही सोय नाही, ती निम्मी होणारच. २.५ मिमीची अक्षरं ए३ वर सव्वा मिमी होतील. साइटच्या टिपांना ५ मिमी घ्या, की प्लॅनची रुंदी ए१ वर निदान १५० मिमी ठेवा. आणि १:५० लिहिलंय त्याच्या शेजारी आलेखी पट्टी काढा, कारण ए३ वर ते १:१०० झालेलं असतं आणि कुणीतरी पट्टी लावून मोजतंच.

टिपा मराठी आणि कन्नड दोन्हीत द्यायच्या असतील तर एसएचएक्स (ऑटोकॅडचे स्वतःचे) फॉन्ट चालणार नाहीत. विंडोजमधला निर्मला यूआय घ्या, त्यात दोन्ही लिप्या आहेत. जोडाक्षरं पीडीएफमध्ये नीट आली का ते छापण्याआधी एकदा बघून घ्या.