मदत हवी आहे: लेख सगळे वाचतात, पण कल्हईचं पान गूगलवर दिसत नाही

कळशी

नमस्कार मंडळी. गिरगावात ठाकूरद्वारजवळ आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. विक्रीबरोबर कल्हईही करून देतो. दुकान सासरे बघतात, वेबसाइट मी बघते. साइट वर्डप्रेसवर आहे, सर्च कन्सोल (साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) जोडलेलं आहे, साइटमॅप म्हणजे पानांची यादीही दिलेली आहे. पण आकडे बघून पुढे नेमकं काय करायचं, तिथे अडले आहे.

साइटवर ‘कल्हई म्हणजे काय’ असा एक लेख आहे. सासऱ्यांनी सांगितला, मी लिहून काढला. कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा कोकमाचं सार का ठेवू नये, भांडं तापवून नवसागर टाकून आतून कथील कसं फिरवतात, कल्हई उडाली हे कसं ओळखायचं, असं सगळं त्यात आहे. साइटवर येणारे जवळजवळ सगळे या लेखावरच येतात. इंप्रेशन (शोधात किती वेळा दिसलो) भरपूर, क्लिक बेताचे, आणि त्यातून दुकानात फोन करणारे फारच थोडे. ज्या पानावरून काम यायला हवं, ते ‘कल्हई करून मिळेल’ हे पान गूगलवर दिसतच नाही. इंडेक्सिंगच्या रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ असं येतं.

सरासरी पोझिशन, म्हणजे शोधातला क्रमांक, मात्र सात-आठ दाखवतात. म्हणजे पहिल्याच पानावर आहोत ना? मग गिऱ्हाईक का येत नाही? तो लेख ठेवावा की काढावा? पान मराठीत असावं की इंग्रजीत?

आणखी एक. एका एजन्सीचा माणूस येऊन गेला. दरमहा पैसे द्या, महिन्यात पहिला नंबर आणून देतो म्हणाला. सासरे विचारतात, द्यायचे का?

हे सगळं मनापासून विचारते आहे, कारण आमच्याकडे कल्हई करणारे एक मामा आहेत. मुंबईत हे काम हाताने नीट करणारी माणसं आता शोधावी लागतात. भात्यापुढे रोज काम असेल तरच ते टिकतील.

आकडेमोड

ताई, आधी त्या सरासरी पोझिशनकडे बघणं सोडा. ती सगळ्या शोधांची, सगळ्या पानांची आणि सगळ्या देशांची मिळून काढलेली असते. खूप विचारल्या जाणाऱ्या, पण गिऱ्हाईक न आणणाऱ्या प्रश्नावर तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर असाल आणि ‘कल्हई मुंबई’ला चाळिसाव्या, तरी सरासरी छान दिसेल.

परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये वर फिल्टर आहेत. तिथे ‘पेज’मध्ये त्या लेखाचा पत्ता टाका, ‘कंट्री’मध्ये भारत निवडा आणि मग खाली क्वेरीजची यादी वाचा. लोकांनी काय टाइप केलं ते तिथे दिसेल. शहराचा फिल्टर सर्च कन्सोलमध्ये नाही, देशापर्यंतच आहे. म्हणून ‘मुंबई’, ‘दादर’, ‘गिरगाव’, ‘जवळ’ हे शब्द असलेल्या क्वेरी वेगळ्या काढायच्या. इंग्रजी लिपीत लोक कल्हई चार तऱ्हांनी लिहितात, त्यासाठी ‘कस्टम रेजेक्स’ (शब्दांचा नमुना देऊन गाळणं) वापरा, एकाच फिल्टरमध्ये सगळी रूपं येतात. यादीतल्या क्लिकची बेरीज वरच्या एकूण आकड्यापेक्षा कमी भरली तर गोंधळू नका. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी यादीत दाखवत नाहीत.

तुमच्या धंद्यात सणांचा हंगाम आहे, म्हणून एक महत्त्वाचं. मागच्या वर्षीशी तुलना करताना तयार पर्याय घेऊ नका, तो तारखेला तारीख लावतो. गणेश चतुर्थी 2024 ला 7 सप्टेंबरला होती, 2025 ला 27 ऑगस्टला, आणि 2026 ला 14 सप्टेंबरला आहे. मोदकपात्राची कल्हई लोक चतुर्थीच्या आधी शोधतात. सरळ तारखा लावल्या तर एका वर्षी हंगाम आणि दुसऱ्या वर्षी हंगामानंतरची शांतता अशी जोडी समोर येईल, आणि साइट पडली असं वाटेल. कस्टम तारखा घेऊन चतुर्थीआधीचे तीन आठवडे एकमेकांशी ताडून बघा. विदा (डेटा) 16 महिनेच राहतो, त्यामुळे हंगाम संपला की तो निर्यात करून स्वतःकडे ठेवा.

पागडी

लेख काढून टाका असं माझं मत. माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. माहिती वाचून निघून जाणारे लोक हवेत कशाला? अर्धे तर परदेशातून वाचत असतील. दुकानाच्या साइटवर दुकानच असावं.

आकडेमोड

पागडी, इथे मी ठामपणे असहमत आहे. वाचक येतो तो या लेखामुळेच, तो काढला तर त्या गिऱ्हाइकाला दुसरं पान आपोआप सापडणार नाही. उलट त्या लेखातून सेवेच्या पानाकडे नेणारी वाट हवी. ताई, तुमच्या लेखात तशी एकही लिंक नाही, मी आत्ताच बघितलं. ‘कल्हई उडाली हे कसं ओळखायचं’ हा परिच्छेद वाचणाऱ्याचं भांडं बहुधा त्याच्या हातातच असतं. तिथेच ‘गिरगावातल्या आमच्या दुकानात कल्हई करून मिळेल’ अशी लिंक द्या. नुसतं ‘इथे क्लिक करा’ नको.

निळावंती

मी वेबसाइटचंच काम करते. तुमचं सेवेचं पान उघडून बघितलं. तीन ओळी, एक फोन नंबर आणि दरपत्रकाचा फोटो. ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे गूगलने पान पाहिलं, पण अजून साठ्यात घेतलेलं नाही. अशा वेळी मी सगळ्यात आधी मजकूर बघते, आणि इथे मजकूर फारच कमी आहे.

दर फोटोत ठेवू नका, अक्षरांत लिहा. कुठली भांडी घेता, दर आकारावर की वजनावर, किती दिवसांत मिळतं, केटररचे मोठे टोप घेता का, चेपलेलं भांडं ठोकून सरळ करून देता का. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं, ते सगळं पानावर हवं. हे सासऱ्यांना आणि त्या मामांना विचारून लिहा, कुठूनही उतरवू नका. पोचायचं कसं तेही लिहा: चर्नी रोड स्टेशन, आणि आता मेट्रो 3 चं गिरगाव स्टेशन. जड पातेलं घेऊन येणाऱ्याला ही माहिती खरंच लागते.

मग सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पानाचा पत्ता टाकून ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ एकदाच दाबा. पुन्हा पुन्हा दाबल्याने रांगेत पुढे जाता येत नाही. तिथेच ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ करून गूगलला पान कसं दिसतं तेही बघा.

फोटो सरळ फोनमधून चढवलेले दिसतात, फार जड आहेत. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साधनात एलसीपी बघा, म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा घटक दिसायला लागणारा वेळ. तो 2.5 सेकंदांच्या आत असावा. लहान साइटला खऱ्या वापरकर्त्यांचा विदा पुरेसा नसतो, तेव्हा तिथे फक्त चाचणीचे आकडे दिसतील. काही हरकत नाही, फोटो लहान करायला तेवढा पुरावा पुरे.

भाषेचं म्हणाल तर मराठी पान आणि इंग्रजी पान वेगवेगळं करा, दोन्ही पानं स्वतः लिहिलेली, आणि त्यांना एचरेफलँगने (hreflang, कुठलं पान कुठल्या भाषेचं ते गूगलला सांगणारी खूण) जोडा. एकाच पानावर खिचडी नको.

चिराबाजार

सगळे साइटबद्दल बोलताहेत, पण ‘जवळचा कल्हईवाला’ शोधलं की बऱ्याचदा आधी नकाशा येतो. तिथे दुकानाचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवरची दुकानाची नोंद, दिसतं. गूगल स्वतः सांगतं की तिथला क्रम सुसंगती, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरतो, आणि पैसे देऊन तो वर नेता येत नाही. अंतर तुमच्या हातात नाही. मुख्य कॅटेगरी, सुट्टीच्या दिवसांच्या वेळा, कामाचे आधी-नंतरचे फोटो आणि परीक्षणांना उत्तरं, एवढं आहे. नाव पाटीवर आहे तेच ठेवा, ‘बेस्ट कल्हई मुंबई’ असं शेपूट जोडणं नियमांत बसत नाही.

प्रोफाइलमधल्या वेबसाइटच्या लिंकला यूटीएम (क्लिक कुठून आला ते सांगणारी पत्त्यामागची खूण) जोडा. मग सर्च कन्सोलमध्ये पेज फिल्टर लावून प्रोफाइलवरून आलेले क्लिक वेगळे काढता येतात. फोन आणि दिशा विचारणारे किती, ते प्रोफाइलच्या स्वतःच्या परफॉर्मन्समध्ये दिसतं. दुकानासाठी मला तोच आकडा सगळ्यात मोलाचा वाटतो.

एजन्सीचं: पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. हमी देणाऱ्याला नमस्कार करून पाठवा. पुढे कोणाला काम दिलंच, तर सर्च कन्सोलची मालकी तुमच्याच खात्यात ठेवा, त्यांना फक्त युजर म्हणून जोडा. डोमेनही सासऱ्यांच्याच नावावर असू द्या.

कळशी

सगळ्यांचे खूप आभार. आकडेमोड, फिल्टर लावून बघितलं. लेखाच्या यादीत ‘पितळी पातेल्याला कल्हई कुठे करून मिळेल’, ‘कल्हईवाला दादर’, ‘मोदकपात्र कल्हई’ असे शोध आहेत, आणि तिथे आमची पोझिशन पंचविसाच्या पुढे आहे! म्हणजे विचारणारे आहेत, त्यांना आम्ही दिसत नाही. हे इतक्या स्पष्टपणे आधी कधी दिसलं नव्हतं. पागडी, म्हणून लेख ठेवते आहे.

लिंक टाकली. सासरे आणि मामा यांना समोर बसवून पानाचा मजकूर लिहून घेतला. मामांनी सांगितलेलं बरंच काही मलाही नवीन होतं. उद्या दरपत्रक अक्षरांत टाकून इंडेक्सिंगची विनंती करते. एजन्सीला सासऱ्यांनी नाही म्हणून कळवलं.

एकच विचारायचं राहिलं: मोदकपात्रासाठी वेगळं पान करू की याच पानावर परिच्छेद पुरेल?

निळावंती

आत्ता परिच्छेदच करा, स्वतंत्र उपशीर्षक देऊन. हे पान इंडेक्स झालं आणि मोदकपात्राच्या क्वेरीवर इंप्रेशन वाढताना दिसले, तर वेगळं पान करा. पण ते चतुर्थीच्या दोन-अडीच महिने आधी चढवा. पान सापडून, साठ्यात जाऊन, वर सरकायला वेळ लागतो, आणि लोक ऐन आठवड्यात शोधतात.