अनुभव धागा: शीर्षकच चुकलं, आता काय?

गेल्या महिन्यात एका चर्चासत्रात माझा शोधनिबंध होता, संख्याशास्त्रातल्या कार्यकारणभावावर. शीर्षकात 'कॉझल इन्फरन्स' हवं होतं. कार्यक्रमपत्रिकेत आणि दारावरच्या फ्लेक्सवर मात्र 'कॅज्युअल इन्फरन्स'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये यू आणि एस यांनी जागा बदलल्या, बाकी काही नाही. दोन्ही शब्द शब्दकोशातले, त्यामुळे खाली तांबडी रेघ यायचा प्रश्नच नव्हता. आयोजकांवर चिडणारच होते, पण स्वतः पाठवलेली मेल उघडून पाहिली तर चूक माझीच. सत्राध्यक्षांनी शीर्षक वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सर, ते कॉझल आहे," एवढं पुटपुटून मी पुढे गेले.

तुमचं असं काही झालंय का? तेव्हा काय केलंत? आयोजकांनीही लिहा. संस्थांची नावं मात्र नकोत.

ओवीवाली
माझा विषय 'जात्यावरच्या ओव्यांतील माहेर'. छापून आलं 'जातीवरच्या ओव्यांतील माहेर'. टाइप करणाऱ्या मुलाने जातं पाहिलेलं नसावं, जात मात्र सगळ्यांना माहीत असते. दुपारचं, जेवणानंतरचं सत्र, तरी खोली भरलेली! मी उभी राहिले आणि आधी दुरुस्ती सांगितली. हशा झाला, मागचे चारपाच जण उठून शेजारच्या सत्राला गेले. पहिल्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ मात्र वही उघडून बसून राहिले.

प्रश्नोत्तरांत त्यांनीच हात वर केला. "छपाईची चूक कळली, बाई. पण दळणाऱ्या बायकांची जात तुम्ही नोंदवली आहे का?"

नव्हती नोंदवली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या संकलनात लाखाहून जास्त ओव्या आहेत. त्यातल्या ज्या आज ऑनलाइन वाचायला मिळतात, तिथे गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, वय आणि जातही दिलेली दिसते. हे मी वाचलेलं होतं. माझ्या वहीत मात्र नुसतं 'आजी, वय अंदाजे ७०'. "नाही, राहून गेलं," म्हणाले आणि खाली बसले. दिवाळीनंतर त्या तीन गावांत परत जाऊन आले. दोन आज्या तोवर गेल्या होत्या.

फॉन्टग्रस्त
आमच्याकडे 'आर्थिक'चं 'आथिर्क' आणि 'धार्मिक'चं 'धामिर्क' झालं. तेही एका पानावर नव्हे, अख्ख्या गोषवारा-पुस्तिकेत. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो आणि युनिकोडमध्ये 'र्' आधी येतो. मजकूर बदलून देणारं सॉफ्टवेअर ऱ्हस्व वेलांटीपाशी हमखास अडखळतं. मी काहीच केलं नाही. सगळ्यांचंच चुकलेलं असलं की कोणी कोणाला हसत नाही. आता शीर्षक थेट युनिकोडमध्येच टाइप करते आणि सोबत पीडीएफ जोडते.

काळी माती
माझी चूक छपाईची नव्हती, म्हणून जास्त डाचली. गोषवारा जूनमध्ये पाठवला, परिषद डिसेंबरात. शीर्षकात ठणकावून लिहिलं होतं की अमुक खतामुळे मातीतल्या सेंद्रिय कर्बात वाढ होते. मधल्या काळात दुसऱ्या हंगामाचे नमुने तपासून आले आणि फरक पुसला गेला. गाइड म्हणाले, "शीर्षक राहू दे, बोलताना सांभाळून घे." मला ते पटलं नाही. आयोजकांना कळवलं, पण पुस्तिका छापून झालेली. मग पहिल्या स्लाइडवर जुनं शीर्षक ठेवलं, त्यातल्या 'वाढ' या शब्दावर काट मारली आणि खाली लिहिलं, 'दोन हंगामांनंतर फरक आढळला नाही'. स्पष्टीकरणात अर्धं मिनिट गेलं, १० मिनिटांतलं. तेव्हापासून शीर्षकात निष्कर्ष लिहीत नाही, नुसतं 'परिणाम' लिहिते. मुळमुळीत वाटतं, वाटू दे.

मागच्या बाकावरून
श्रोता म्हणून एक विनंती. चूक सांगायची तर एकदाच सांगा. एका वक्त्याने दर तिसऱ्या स्लाइडला आयोजकांचा उद्धार केला. विषय काय होता ते आज आठवत नाही.

माजी समन्वयक
आता आमची बाजू. शीर्षकं गूगल फॉर्ममधून एक्सेलमध्ये येतात. पत्रिका, दारावरचा कागद आणि प्रमाणपत्रं, सगळं त्याच तक्त्यावरून निघतं. लोक दुरुस्ती कुठे सांगतात? चहाच्या टेबलाशी. नाहीतर व्हॉट्सअॅपवर, रात्री साडेअकराला, "मॅडम, शीर्षकात एक अक्षर चुकलंय." कुठलं अक्षर? कुणाचं शीर्षक? मेल करा, निबंधाचा क्रमांक टाका, आणि चुकलेली व बरोबर अशा दोन्ही ओळी पूर्ण लिहा, म्हणजे आम्हाला नुसतं उचलून चिकटवता येतं. आणि प्रमाणपत्रं छापायच्या आत सांगा. बोलताना केलेली दुरुस्ती खोलीतल्या ४० जणांना कळते, फाइलला कळत नाही. पुढे बढतीच्या वेळी प्रमाणपत्रावरचं शीर्षक आणि छापील निबंधाचं शीर्षक जुळलं नाही की तपासणारे विचारतात. मग तीन वर्षांनी आम्हाला फोन येतो. तोवर समिती बदललेली आणि तो लॅपटॉपही कुणाकडे आहे कोण जाणे.

धागाकर्ती
हे वाचून कपाट उघडलं. प्रमाणपत्रावरही 'कॅज्युअल'च आहे. दोन्ही ओळी पूर्ण लिहून आत्ताच मेल टाकली.